मोटारसायकलचें तेलपाणी

ज्या घरांत चार बिऱ्हाडें एका छपराखालीं नांदतात, तेथें काटकसर कोणास शिकवावी लागत नाहीं. थोरल्याचा सदरा धाकट्यास येतो, रात्रीं उरलेली आमटी सकाळीं थालिपिठांत जाते, आणि डब्याच्या तळाशीं राहिलेला कोणताहि जिन्नस टाकून देण्यापूर्वीं तो आणखी कोणाच्या उपयोगीं पडेल काय, याचा विचार होतो. आमचें पुण्याचें घर यास अपवाद नाहीं. किंबहुना या बाबतींत आमचे थोरले बंधु सर्वांच्या चार पावलें पुढेंच आहेत. गेल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत घरच्या मोटारीचें ऑइल बदललें, तेव्हां चार लिटरच्या नव्या कॅनमध्यें लिटरभर ऑइल शिल्लक राहिलें. ऑइल पूर्णपणें सिंथेटिक, आणि किंमत अशी कीं ती ऐकून गृहिणीनें मनांतल्या मनांत साजूक तुपाचा हिशेब करावा! योगायोगानें त्याच आठवड्यांत पुतण्याच्या मोटारसायकलचें ऑइल बदलावयाचें होतें, आणि तिला नेमकें लिटरभरच लागतें. “एवढें भारी ऑइल पडून कां राहावें?” असें बंधु म्हणाले, आम्हीं मान डोलाविली, आणि पुतण्यानें तें ओतलें. यांत दोष असेल तर तो आम्हां दोघां वडील माणसांचा. मुलानें वडिलांचें ऐकलें, इतकेंच.

पंधरा दिवसांनीं पुतण्या व सूनबाई त्या गाडीवरून वाईस निघालीं. शिरवळ मागें पडलें, खंबाटकीचा घाट सुरू झाला, आणि निम्म्या चढावर गाडी विलक्षण वागूं लागली. ॲक्सिलरेटर पिळावा तों इंजिनानें ओरडावें, पण वेग मात्र वाढूं नये. उलट तो कमीच होत जावा. मागें मालानें भरलेला ट्रक हॉर्न वाजवीत चिकटलेला, आणि बाजूस गाडी घ्यावयास हातभरहि जागा नाहीं, अशा स्थितींत त्या दोघांनीं जीव मुठींत धरून वळण पार केलें. पुढें रस्ता जरा रुंद झाला तेथें तीं अर्धा तास थांबलीं. नंतर इंजिनास फारसा जोर न देतां, खालच्या गिअरमध्यें, पायीं चालणाऱ्याच्या वेगानें तीं घाट चढलीं आणि सुरुरच्या फांट्यावरून वाईस पोहोंचलीं. तेथील मेकॅनिकनें आधीं क्लचच्या वायरची ढील तपासली. ती बरोबर होती. मग त्यानें एकच प्रश्न विचारला, “ह्यात फोर-व्हीलरचं ऑइल टाकलंय का हो?”

क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या आणि भरलेलें ऑइल काढून टाकावें लागलें. वांचविलेल्या लिटरभर ऑइलाची किंमत किती पटींनीं फिटली, तें आम्ही बंधूंच्या वयास मान देऊन येथें लिहीत नाहीं. तथापि घाटांतला तो प्रसंग मनांतून जाईना. ज्या घरांत पूर्वीं एक सायकल असे, त्या घरांत आज तीन-चार दुचाकी वाहनें असतात, आणि त्यांच्या पोटांत काय घालावें याचा निर्णय बहुधा मेकॅनिकचा पोऱ्या किंवा दुकानदार करतो. म्हणून आम्हीं जाणत्यांस विचारून, गाड्यांच्या पुस्तिका वाचून, जें समजावून घेतलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मोटारींत इंजिनचें ऑइल इंजिनापुरतेंच असतें. गिअरबॉक्सचें तेल निराळें, आणि पायानें दाबावयाचा क्लच सहसा कोरडाच. मोटारसायकलींत जागा थोडी, म्हणून बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच हीं तिन्हीं बिऱ्हाडें एकाच पेटींत राहतात आणि एकाच लिटरभर तेलावर गुजराण करतात. यांत खरी मेख क्लचची आहे. पिस्टन आणि बेअरिंगें यांची अपेक्षा अशी कीं तेलानें घर्षण होतां होईल तों कमी करावें. क्लचचें तर सारें जीवितच घर्षणावर अवलंबून! त्याच्या प्लेटा एकमेकींस घट्ट धरतात म्हणून इंजिनचा जोर चाकापर्यंत पोहोंचतो. आणि या प्लेटा तर त्याच तेलांत बुडालेल्या. म्हणजे एकाच तेलानें एका खोलींत निसरडें व्हावें आणि दुसऱ्या खोलींत धरून ठेवावें, अशी ही विचित्र मागणी आहे. मोटारसायकलसाठीं मुद्दाम केलेलें ऑइल ती पुरी करतें. मोटारीच्या अलीकडच्या पातळ ऑइलांत मात्र पेट्रोलची बचत व्हावी म्हणून घर्षण आणखी कमी करणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. मोटारीस तीं हितकर. मोटारसायकलच्या क्लचप्लेटांवर त्यांचा थर बसला कीं प्लेटा घसरूं लागतात, घसरून तापतात, आणि तापून गुळगुळीत होतात. घाटांत इंजिनाचें ओरडणें आणि चाकाचें स्वस्थ राहणें यांचा उलगडा हा असा आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं मोटारीचें ऑइल घातलेली प्रत्येक मोटारसायकल अशीच अडेल असें नाहीं. प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा ताठ असल्या तर गाडी महिनोन्महिने कुरकुर न करतां चालतेहि, आणि “आम्ही तर नेहमी हेंच घालतों” असें सांगणारे गृहस्थ भेटतात ते अशाच गाड्यांचे धनी. पुतण्याच्या प्लेटा आधींच अर्ध्या झिजलेल्या होत्या. परंतु ज्याचा परिणाम सपाट रस्त्यावर दिसत नाहीं आणि घाटांत दोन माणसें बसलेलीं असतांना दिसतो, तो प्रयोग आम्ही तरी पुन्हां करणार नाहीं.

गिअरच्या दातांचा जाचहि लहान नव्हे. हल्लींच्या ऑइलांत, तीं उष्णतेनें फार पातळ होऊं नयेत म्हणून, लांब साखळ्यांसारखे रेणू असलेलीं द्रव्यें घालतात. गिअरचे दांत या साखळ्या जात्यांत धान्य भरडावें तशा तोडीत राहतात, आणि कांहीं महिन्यांनीं तें तेल नांवाप्रमाणें दाट राहत नाहीं. त्यांत भर म्हणजे मोटारसायकलचें इंजिन मोटारीच्या इंजिनापेक्षां पुष्कळच अधिक फेरे घेतें, आणि लहान गाड्यांत तें नुसत्या वाऱ्यानें थंड होतें. लक्ष्मी रस्त्यावर सायंकाळच्या गर्दींत गाडी उभी असते तेव्हां वारा कोठला? सारा ताप त्या लिटरभर तेलानेंच सोसावयाचा.

येथें आमच्या वाचकांस एका जुन्या ओळखीच्या पदार्थाची आठवण करून देण्याचा मोह आवरत नाहीं. तो पदार्थ म्हणजे एरंडेल. रविवारीं सकाळीं नाक दाबून घेतलेल्या एरंडेलाची चव ज्यांच्या जिभेवर अद्याप आहे, त्यांस हें ऐकून कदाचित् समाधान वाटेल कीं एके काळीं विमानांच्या व शर्यतींच्या मोटारसायकलींच्या इंजिनांसहि तेंच पाजीत असत. चार्ल्स वेकफील्ड यांच्या लंडनच्या कंपनीनें १९०९ मध्यें आपल्या ऑइलास ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. एरंडेल पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहीं आणि तापलेल्या धातूसहि चिकटून राहतें, हे त्याचे गुण. दोष असा कीं कांहीं काळानें त्याचा डिंक होतो आणि इंजिन चोंदतें. त्यामुळें खनिज तेलें सुधारलीं तसें एरंडेल रोजच्या वाहनांतून गेलें आणि पुन्हां आमच्या औषधाच्या फळीवर येऊन बसलें.

आतां डब्यावर छापलेल्या अक्षरांकडे वळूं. ‘१०डब्ल्यू-३०’ असा जो आंकडा मोठ्या अक्षरांत असतो, त्यांतील ‘डब्ल्यू’ हें हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर आहे. पहिला आंकडा थंड इंजिनांत तेल किती सहज वाहतें तें दाखवितो. तो जितका लहान तितकें थंडींत तेल पातळ. दुसरा आंकडा तेल १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर किती दाट राहतें तें सांगतो. हे आंकडे म्हणजे अंश नव्हेत आणि वजनहि नव्हे. ते नुसते प्रतीचे क्रमांक आहेत. स्प्लेंडरसारख्या गाडीस १०डब्ल्यू-३० सांगितलेलें असतें, तर अलीकडच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०.

आमच्याकडे दाट म्हणजे पौष्टिक अशी एक समजूत आहे. ती बासुंदीच्या बाबतींत खरी आहे, ऑइलाच्या नाहीं. इंजिन सुरू होतांच तेल वरपर्यंत, झडपा हलविणाऱ्या दांड्यापर्यंत, क्षणांत चढलें पाहिजे. ज्या इंजिनांतील फटी बारीक ठेवल्या आहेत, त्यांत दाट तेल वेळेवर पोहोंचत नाहीं. उलट ज्या जुन्या इंजिनांतील फटी मोठ्या आहेत, त्यांत पातळ तेलाचा थर टिकत नाहीं. पुण्यांत पौषांतल्या एखाद्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरला तरी गोठण्याइतकी थंडी येथें पडत नाहीं. म्हणून पहिल्या आंकड्याची चिंता आपण लडाखच्या प्रवासापुरती ठेवावी आणि दुसरा आंकडा मात्र गाडीच्या पुस्तिकेंतल्याप्रमाणें तंतोतंत पाहावा.

त्याखालीं अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचें, म्हणजे ‘एपीआय’चें, चिन्ह असतें: ‘एसएल’, ‘एसएन’, ‘एसपी’ अशीं अक्षरें. यांतील ‘एस’ पेट्रोल इंजिनासाठीं, आणि पुढचें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढें तितका तो दर्जा अलीकडचा. दुकानदार या अक्षरावर फार भर देतात. परंतु हे दर्जे मुख्यतः मोटारींच्या इंजिनांसाठीं ठरविलेले आहेत. त्यांना ओल्या क्लचची खबर नाहीं. आमच्या उरलेल्या ऑइलाचा दर्जा पुस्तिकेंत सांगितलेल्याहून वरचाच होता, आणि घात झाला तो तरीहि झाला. या संस्थेच्या गोल चिन्हाच्या खालच्या कडेवर इंधनबचतीचे इंग्रजी शब्द छापलेले आढळले, तर तें ऑइल ओल्या क्लचच्या गाडींत घालूंच नये.

मोटारसायकलसाठीं पाहावयाचें तें जपानी चिन्ह, ‘जासो’चें. जपानी कारखान्यांना हीच अडचण आली होती, म्हणून तेथें १९९८ मध्यें दुचाकींच्या ऑइलासाठीं स्वतंत्र मानक निघालें, आणि त्यांत क्लचच्या घर्षणाची चाचणी घालण्यांत आली. जें ऑइल क्लचला धरूं देतें तें ‘एमए’, आणि जें अधिक निसरडें तें ‘एमबी’. पुढें २००६ मध्यें ‘एमए’चे ‘एमए-१’ व ‘एमए-२’ असे पोटभाग झाले. त्यांत ‘एमए-२’ची पकड अधिक. गिअर पायानें बदलावयाची मोटारसायकल असेल तर डब्यावर ‘एमए’ पाहिजेच, आणि पुस्तिकेंत ‘एमए-२’ म्हटलें असेल तर ‘एमए-२’च पाहिजे.

मग ‘एमबी’ कोणासाठीं? आमच्या घरांतील दुसऱ्या सूनबाईंच्या ॲक्टिव्हासाठीं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि तो पट्ट्याच्या पेटींत, इंजिनच्या तेलापासून अगदीं अलग बसविलेला असतो. त्याला तेलाचा स्पर्शहि होत नाहीं, म्हणून निसरडें ऑइल तेथें चालतें, आणि पेट्रोलहि थोडें वांचतें. आतां गंमत पाहा. स्प्लेंडरचें ऑइल १०डब्ल्यू-३० आणि ॲक्टिव्हाचेंहि १०डब्ल्यू-३०. दोन्ही डबे एकाच फळीवर. आणि फरक काय तो एका बारीक अक्षराचा. ‘एमए’ चुकून स्कूटरींत गेलें तर विशेष बिघडत नाहीं. ‘एमबी’ मोटारसायकलींत गेलें तर खंबाटकी!

आमच्या वडिलांची चेतक अद्याप आमच्या अंगणांत उभी आहे. ती दोन-स्ट्रोकची, तिच्या पेट्रोलांतच टू-टी ऑइल मिसळावें लागतें, आणि तें पेट्रोलाबरोबर जळून जातें. तिच्या गिअरचें तेल वेगळें. जळून जावयाचें म्हणून टू-टी ऑइल राख कमी उरेल असें केलेलें असतें. चार-स्ट्रोकचें ऑइल तिच्या टाकींत ओतलें तर प्लगवर काजळी आणि सायलेन्सरांत कीट सांठतें. आणि टू-टी ऑइल चार-स्ट्रोकच्या इंजिनांत भरणें हा तर शुद्ध इंजिनघात होय. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटचा थाट आणखी निराळा. तिच्यांत इंजिनचें तेल एकीकडे, क्लच व साखळी यांच्या पेटीचें दुसरीकडे, आणि गिअरबॉक्सचें तिसरीकडे, असा तिन्हीं चुलींवर स्वतंत्र स्वयंपाक असतो. नव्या बुलेटमध्यें या चुली एक झाल्या. म्हणून ‘बुलेटला काय घालावें’ या प्रश्नास ‘कोणत्या सालच्या?’ असा प्रतिप्रश्न न करणाऱ्या मेकॅनिकपासून सावध राहिलेलें बरें.

खनिज कीं सिंथेटिक, हा वाद आम्हांस वाटतो तितका महत्त्वाचा नाहीं. सिंथेटिक ऑइल उष्णता अधिक सोसतें व अधिक दिवस टिकतें, यांत शंका नाहीं. लांब पल्ल्याच्या गाडीस तें घ्यावें. एकदां सिंथेटिक घातलें कीं पुन्हां खनिज घालतां येत नाहीं, ही मात्र केवळ दंतकथा आहे. रोज मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीस महाग ऑइल दोन वर्षें ठेवण्यापेक्षां, योग्य चिन्हाचें साधें ऑइल वेळेवर बदलणें अधिक शहाणपणाचें. कारण अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतें तापतच नाहीं. पेट्रोल जळतांना जी वाफ होते ती आंतच थिजून तेलांत उतरते. पावसाळ्यांत ऑइलचें टोपण उघडल्यावर आंतल्या बाजूस सायीसारखा पांढुरका थर दिसतो, तो बहुधा या पाण्याचाच असतो. म्हणून पुस्तिकेंत जे किलोमीटर दिले असतील ते पुरे झाले नाहींत तरी, तेथें दिलेल्या महिन्यांची मुदत उलटूं देऊं नये. ऑइल काळें पडलें म्हणजे मात्र घाबरून जाण्याचें कारण नाहीं. काजळी धुऊन आपल्या पोटांत धरून ठेवणें हें चांगल्या ऑइलाचें कर्तव्यच आहे.

पातळी पाहण्याची रीत सोपी असूनहि ती फार थोड्या घरांत पाळली जाते. गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन दोन-तीन मिनिटें चालवून बंद करावें, तेल खालीं उतरूं द्यावें, मग पट्टी पुसून आंत घालावी. कित्येक गाड्यांत पट्टीचे आंटे न फिरवितां ती नुसती टेकवावयाची असते. फिरविली तर तेल आहे त्याहून जास्त दिसतें आणि माणूस निश्चिंत होतो. खुणेच्या वर भरणें हेंहि पुण्य नव्हे. जादा तेलाचा फेंस होतो आणि तें एअर फिल्टरपर्यंत चढतें.

येथवर नुकसान झालें तर पैशाचें. आतां ज्या द्रवाविषयीं सांगावयाचें आहे, तेथें प्रश्न जिवाचा आहे. सगळे त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, आणि अनर्थाचें मूळ या नांवांतच आहे. कारण तें ऑइल नव्हेच! सर्वसाधारण गाड्यांतील ब्रेकचा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो आणि त्याचें खनिज तेलाशीं हाडवैर आहे. डिस्क ब्रेकच्या आंतील रबरी वायसरांना खनिज तेलाचा स्पर्श झाला कीं तीं फुगतात, मऊ पडतात, आणि मग ब्रेक लागला तर सुटत नाहीं किंवा सुटला तर लागत नाहीं. आमच्या धाकट्या मुलानें एका रविवारीं हँडलवरील लहान डबीचें झांकण उघडून ठेवलें होतें आणि त्याच्या हातांत इंजिन ऑइलचा कॅन होता. “ऑइलच कमी झालं आहे ना?” हा त्याचा प्रश्न. थोरल्या सूनबाई महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितात. त्यांनीं जिन्यावरूनच त्यास हांक मारली, खालीं येऊन झांकण त्याच्या हातीं दिलें आणि त्यावरचीं अक्षरें मोठ्यानें वाचावयास लावलीं. डॉट-४ आणि तेंहि सीलबंद डब्यांतलेंच वापरावें, अशी स्पष्ट सूचना त्या झांकणावर होती.

सीलबंद डब्याचा आग्रह कशासाठीं, तें सूनबाईंनींच मग सर्वांस समजावून दिलें. हा द्रव हवेंतील पाणी शोषून घेतो. पावसाळ्यांत उघडें राहिलेलें मीठ जसें पाणी धरतें तसा. कोरडा असतांना डॉट-३ला २०५ अंशांपर्यंत आणि डॉट-४ला २३० अंशांपर्यंत उकळी फुटतां कामा नये, असें मानक आहे. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलें म्हणजे हीच मर्यादा अनुक्रमें १४० आणि १५५ अंशांवर येते. महाबळेश्वराहून पांचगणीमार्गें पसरणीचा घाट उतरतांना जो माणूस सारा वेळ ब्रेक दाबून धरतो, त्याच्या ब्रेकची डिस्क अतोनात तापते. ती उष्णता द्रवास लागून त्यास उकळी फुटली कीं नळींत वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून बोटांखालीं लिव्हर हँडलपर्यंत खुशाल जातो आणि चाक थांबत नाहीं. हें घडावयास गाडी जुनी असावी लागत नाहीं. द्रव जुना असला म्हणजे पुरे. यास्तव साधारण दोन वर्षांनीं ब्रेकचा सारा द्रव बदलावा, पातळी ठीक असली तरीहि. अर्धा वापरलेला डबा पुढल्या वर्षांसाठीं ठेवूं नये. आमच्या बंधूंस हें पचावयास जड गेलें, पण त्यांनीं तें मान्य केलें. घाट उतरतांना गिअर खालचा ठेवून इंजिनाचाहि आधार घ्यावा, हें सांगणें नलगे.

डॉट-३ सांगितलें असेल तेथें डॉट-४ चालतें. परंतु डॉट-५ हें नांवावरून पुढचें वाटलें तरी निराळ्या, म्हणजे सिलिकोन, जातीचें आहे. तें यांच्यांत मिसळूं नये. डॉट-५.१ मात्र ग्लायकॉलच्याच कुळांतलें. या नांवें ठेवणाऱ्यांस कोणी तरी बारशाला बोलवावयास नको होतें! ब्रेकचा द्रव रंगावर सांडला तर रंग उचलतो, म्हणून लगेच पाण्यानें धुवावा. भारतांत एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी.हून मोठ्या नव्या दुचाकींस ए. बी. एस. सक्तीचें झालें. त्या यंत्रणेच्या बारीक झडपांतूनहि हाच द्रव खेळत असतो. म्हणून तो स्वच्छ राखण्याचें कारण आतां दुप्पट झालें आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या धन्यानेंहि, ‘आम्हांस तेलाची कटकट नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं आपल्या गाडीला डिस्क ब्रेक आहे काय, तें पाहावें.

ज्या गाड्यांचें इंजिन पाण्यानें थंड होतें, त्यांच्या कूलंटविषयीं गृहिणींस एक विनंती आहे. हा हिरवा, निळा किंवा गुलाबी द्रव सरबतासारखा दिसतो. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतें आणि तें मूत्रपिंडांस घातक विष आहे. उरलेलें कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलींत भरून पडवींत ठेवण्याची चाल आम्हीं एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. ज्या घरांत रांगतीं-चालतीं मुलें आहेत, तेथें ही बाटली क्षणभरहि असतां कामा नये. अंगणांत सांडलेलें कूलंट कुत्र्यामांजरांनीं चाटलें तरी तीं दगावतात. पातळी कमी झाली म्हणून नळाचें पाणीहि ओतूं नये. त्यांतील क्षार आंत खपल्यांसारखे बसतात. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें म्हणजे प्रेशर कुकरचें झांकण शिट्टी चालू असतांना उघडणेंच होय.

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमध्येंहि तेल असतें याची आठवण सहसा तें गळूं लागल्यावरच होते. नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर गाडी लगेच दुरुस्तीस न्यावी, कारण तें तेल खालीं डिस्कवर उतरलें तर ब्रेक निकामी होतो. चेनला ग्रीसचा लपका देण्यापेक्षां गिअरचें दाट तेल किंवा चेनसाठीं मिळणारा स्प्रे आंतल्या बाजूनें बेतानें लावावा, आणि जादा तेल फडक्यानें टिपून घ्यावें. ग्रीसला धूळ चिकटून त्याचा घांसण्याचा दगड होतो. चेन धुवावयास पेट्रोल वापरूं नये; रबरी कड्या असलेल्या चेनचे त्यानें नुकसान होतें, आणि आगीचें भय तें वेगळेंच.

खरेदीविषयीं थोडेंसें. मोठ्या कंपन्यांच्या रिकाम्या कॅनना बाजारांत चांगली मागणी असते, आणि ती कशासाठीं असावी हें सुज्ञांस सांगावयास नको. आम्हीं स्वतः एकदां ओळखीच्या दुकानांतून घेतलेल्या कॅनचें सील हाताच्या नुसत्या स्पर्शानें निघालें, आणि आंतलें ऑइल वासानेंच वापरलेलें वाटलें. तेव्हांपासून कॅन आपल्या समक्ष उघडवावा, सील व तारीख पाहावी, बिल घ्यावें, आणि रिकामा कॅन भोंक पाडून मगच रद्दींत द्यावा, असा घरांत नियम झाला आहे. काढलेलें जळकें ऑइल वाळवीसाठीं लांकडास फासण्याची पूर्वापार रीत आहे. परंतु तें कातडीस अपायकारक आहे, म्हणून तें काम बिनहातमोज्यांचें करूं नये, आणि मोरींत तर तें मुळींच ओतूं नये. सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें ऑइल घातक कचऱ्यांत मोडतें. तें डब्यांत भरून, ज्या गॅरेजमधून तें शुद्ध करणाऱ्या अधिकृत कारखान्याकडे जातें, अशा ठिकाणीं द्यावें.

आमच्या मागल्या पडवींतील फळीवर आतां प्रत्येक कॅनला सूनबाईंच्या अक्षरांतली चिठ्ठी आहे: कोणत्या गाडीचें, किती, आणि कोणत्या तारखेस घातलें. ब्रेकच्या द्रवाला या फळीवर जागाच दिलेली नाहीं. तो लागेल तेव्हां लहानशा डब्यांतून आणतात आणि उरला तर मेकॅनिककडेच सोडून येतात. यंदा मोटारीचें ऑइल बदललें तेव्हांहि लिटरभर उरलें. त्या कॅनवर बंधूंनीं स्वतःच्या हातानें ‘फक्त मोटारीस’ असें लिहिलें, आणि पाडव्याच्या दिवशीं त्यांतले चार थेंब तेवढे फाटकाच्या बिजागरीस घातले. फाटक आतां वाजत नाहीं.